रत्नागिरीची जिल्हा जनगणना पुस्तिका (2011): गाव सापडतं, वाडी सापडत नाही

लालबाग-परळच्या चाळींत ज्या ज्या ग्रामस्थ मंडळांच्या पाट्या अजून लागलेल्या आहेत, त्या प्रत्येक मंडळाच्या कपाटात ही पुस्तिका असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. विकत घ्यावी लागत नाही. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र, मग आपला जिल्हा निवडला की पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. आपल्या गावात किती माणसं राहतात, त्यात बायका किती, एसटी येते का, रस्ता डांबरी आहे का, टपाल कुठे, दवाखाना किती लांब, हे सगळं एका ओळीत मांडलेलं सरकारी कागदपत्र मला तरी दुसरं माहीत नाही.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले, राहते काळाचौकीला, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची खजिनदार आहे. वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, पक्का करून मिळावा आणि रिक्षा वर चढेल एवढा रस्ता व्हावा, म्हणून मंडळाने अर्ज करायचा ठरवला, तेव्हा पहिला प्रश्न आला लोकसंख्येचा. सभेत प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला. कुणी गणपतीतली माणसं मोजली, कुणी मतदार यादी धरली, कुणी घरपट्टीची घरं. शेवटी आमचे अण्णा म्हणाले, "ताई, सरकारचा म्हणून जो आकडा असेल तोच काढा. बाकीचे आपण आपल्यात बोलू." तेव्हापासून ही पुस्तिका माझ्या हाताखाली आहे आणि जे सांगते आहे ते वापरून सांगते आहे.

पुस्तिकेचे दोन भाग आहेत. 'ए' भागात गावं आणि शहरं यांची निर्देशिका, म्हणजे सोयींची माहिती: शाळा, दवाखाना, पाणी, टपाल, फोन, बस, रेल्वे, रस्ते, बँक, वीज, जमीन कशाखाली किती. 'बी' भागात माणसांची माहिती: घरं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे. लोक बहुतेक वेळा एकच भाग उतरवतात आणि अर्धी माहिती नाही म्हणून कंटाळतात. दोन्ही घ्या. माणसं एका फाइलीत आणि एसटी दुसऱ्या फाइलीत, हे मला पटत नाही, कारण गावाकडे हे दोन विषय वेगळे नसतातच.

गाव शोधणं हे पहिलं काम, आणि त्यातच वेळ जातो. पुस्तिका इंग्रजीत आहे. गावाच्या नावाचं स्पेलिंग आपण करतो तसं असेलच असं नाही. खुर्द, बुद्रुक, तर्फ यांची लहान रूपं वापरली आहेत. त्यामुळे शोधचौकटीत नाव टाकत बसू नका. तालुक्याच्या यादीवरून बोट फिरवत गाव काढा आणि त्याच्यापुढचा सहा अंकी संकेतांक वहीत लिहून ठेवा. एकदा तो हाती आला की दोन्ही भागांत आणि एक्सेल तक्त्यांतही गाव चटकन सापडतं. हा संकेतांक अर्जावर घातला की समोरच्या माणसालाही नावाच्या गोंधळात पडावं लागत नाही.

आता आकड्यांकडे येते. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. 2001 मध्ये ती 16,96,777 होती. म्हणजे दहा वर्षांत जिल्ह्यातली माणसं जवळजवळ 82 हजारांनी कमी झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढून 11 कोटी 23 लाखांवर गेली त्याच दशकात हे झालं. सिंधुदुर्गातही तसंच, 8,68,825 वरून 8,49,651. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात सर्वांत जास्त. राज्याचा आकडा 929 आणि मुंबई शहर जिल्ह्याचा 832. हे तीन आकडे मी मंडळाच्या सभेत फळ्यावर एकाखाली एक लिहिले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. समोर बसलेले सगळे पुरुष 832 वाल्या जिल्ह्यात राहत होते किंवा रोज कामाला येत होते आणि त्यांच्या आया, भावजया 1122 मध्ये होत्या.

'बी' भागात काम करणाऱ्यांचे रकाने नीट वाचावेत. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेले ते मुख्य, त्याहून कमी काम केलेले ते सीमांतिक. आणि त्यातही शेतकरी कोण, शेतमजूर कोण, घरगुती उद्योग कुणाचा, इतर कोण, हे स्त्री-पुरुष वेगळं करून दिलेलं आहे. आमच्या गावाच्या ओळीत शेतकरी म्हणून बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. सातबाऱ्यावर नावं बापांची आणि भावांची असतात. भात कोण लावतं, कोण कापतं, हे मात्र या तक्त्यात कुणालाही दिसतं. माझ्या आईची गणना कुठेतरी शेतकरी म्हणून झाली आहे, याचं मला फार समाधान वाटलं. पुस्तिकेला माझे पहिले दोन तारे त्या रकान्यासाठी.

मंडळात एक तक्रार हमखास होते, की गणती फेब्रुवारीत झाली म्हणून गावाचा आकडा कमी आला, शिमग्यात केली असती तर गाव भरलेलं दिसलं असतं. 2011 ची गणती 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, पुढे 5 मार्चपर्यंत फेरतपासणी. त्या वर्षी होळी पौर्णिमा 19 मार्चला होती, म्हणजे चाकरमानी गाड्यांत बसायला अजून दोनेक आठवडे होते, हे खरं. पण माणूस मोजला जातो तो त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी, पाहुणा म्हणून आलेल्या घरी नाही. पालखी नाचवायला आलेला मुलगा ठाण्याजवळच्या दिवा गावात राहत असेल तर तो तिथेच मोजला जाणार. तेव्हा तारखेवर राग काढण्यात अर्थ नाही. पुस्तिकेतला आकडा खरा आहे. तो वर्षभर गावात राहणाऱ्यांचा आकडा आहे आणि रस्ता, एसटी, दवाखाना रोज लागतो तो त्यांनाच.

आता 'ए' भाग, आणि त्यातला माझ्या जिव्हाळ्याचा रकाना: दळणवळण.

हा भाग तयार करणाऱ्यांनी बारकाई केली आहे. सार्वजनिक बस वेगळी, खासगी बस वेगळी, रेल्वे स्टेशन, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडी वेगळी. रस्त्यांतही राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, डांबरी, खडीचा, बारमाही, पायवाट असे वेगवेगळे रकाने. सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे ते तीन अक्षरांत सांगतात: पाच किलोमीटरच्या आत असेल तर 'ए', पाच ते दहा 'बी', दहाच्या पुढे 'सी'. पहिल्यांदा वाचताना ही अक्षरं कळत नाहीत, खुलासा पुढच्या पानांवर शोधावा लागतो. म्हणून इथेच सांगून ठेवते. एक्सेल तक्त्यात सोय असेल तर 1 आणि नसेल तर 2 लिहितात. तिथे 2 म्हणजे दोन बसेस नव्हेत. आमच्या एका तरुण सभासदाने तसं वाचून सगळ्यांना खूश केलं होतं.

रेल्वेपुढे आमच्या गावाला 'सी' आहे. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि संगमेश्वर रोड स्टेशनमुळे मुंबईहून तालुक्यात पोचणं पूर्वीच्या मानाने फार सोपं झालं. दादरहून रात्री निघालं की पहाट तिकडे. पुढे स्टेशन ते गाव, आणि गाव ते वाडी. हे शेवटचे दोन तुकडे जोडले की मगच माणूस घरी पोचला म्हणायचं. पुस्तिका पहिल्या तुकड्याची नोंद ठेवते. दुसऱ्याची ठेवत नाही.

बसपुढे आमच्या गावाला 'आहे' असं आहे. आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. एसटी शाळेपाशी येते. संध्याकाळची गाडी वस्तीची, म्हणजे रात्री गावातच थांबते आणि पहाटे देवरुखला निघते. माझ्या लहानपणी वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरना शाळेजवळच्या घरांतून जेवण जायचं, आळीपाळीने. कॉलेजची मुलं, बाजाराला जाणाऱ्या बायका, कोर्टकचेरीची माणसं, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर ठरतो. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आई 79 वर्षांची आहे. देवरुखला डोळे तपासायला जाते तेव्हा तिकिटाला पैसा लागत नाही, याचं ती येईल त्याच्यापाशी कौतुक करते.

पण शाळा गावात आहे आणि आई वाडीत आहे. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. साकव ओलांडायचा, मग दगडी पायऱ्यांची पाखाडी चढत जायचं, माझ्यासारखीला मध्ये दोनदा थांबावं लागतं. आषाढात पऱ्या फुगला की साकवावरून पाणी जातं आणि त्या दिवशी वाडी गावापासून तुटते. गावाच्या ओळीत बस आहे, डांबरी रस्ता आहे, बारमाही रस्ता आहे. वाडीला यातलं काहीही नाही. आणि पुस्तिकेत वाडी नावाची गोष्टच नाही, कारण तिचं एकक महसुली गाव आहे. सपाटीवरच्या गावाला हे चालतं, तिथे घरं एका गावठाणात असतात. कोकणातलं गाव म्हणजे डोंगराच्या वेगवेगळ्या उतारांवर पसरलेल्या आठ-दहा वाड्या. एका वाडीला बस आली की सगळ्या गावाला आली, अशी नोंद होते. ही नोंद खोटी नाही, पण एवढ्यावर आमच्या वाडीबद्दल कुणी निर्णय घेतला तर तो चुकणार.

आजारी माणसाला खाली आणायचं तर डोली करावी लागते. खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलायचं. पाखाडी ओली असेल तर बदलीला आणखी चौघं हवेत. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप आहे आणि उरलेल्या घरांत बायका, म्हातारे, शाळेतली मुलं. खांदा द्यायला चार तरुण कुठून आणायचे? शेजारच्या वाडीत निरोप पाठवावा लागतो. त्यांची अवस्था फार वेगळी नसते. जिल्ह्याचा 1122 चा आकडा वाचला की मला हीच डोली दिसते. रस्ता नाही म्हणून माणूस उचलावा लागतो आणि उचलणारे रस्त्याने कधीच निघून गेलेत. 'ए' आणि 'बी' भाग एकत्र वाचा असा माझा आग्रह आहे, तो यासाठी.

रस्ता कुणाला मिळतो, हे ठरवतानाही लोकसंख्याच बघतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. तिचं एकक महसुली गाव नाही, वस्ती आहे, हे चांगलं. सर्वसाधारण भागात वस्तीची लोकसंख्या किमान 500 हवी. डोंगरी राज्यं, आदिवासी क्षेत्रं अशा ठिकाणी 250. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी लोकसंख्या 2011 चीच धरली आहे. म्हणजे ही जुनी पुस्तिका आजही जुनी झालेली नाही. आमची वाडी मुंबईतली सगळी बिऱ्हाडं धरली तर पाचशेच्या पुढे जाते आणि गावात राहणारी धरली तर फारच खाली राहते. माणसं गेली म्हणून रस्ता योजनेत बसत नाही, रस्ता नाही म्हणून उरलेलीही निघतात. या योजनेत पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरायची मुभा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. शेजारच्या वाडीशी जुना मानपानाचा वाद असेल तर तो मिटवून दोघांनी मिळून अर्ज करावा. आम्ही तसं करतो आहोत.

आमचा पहिला अर्ज ज्या कार्यालयात गेला तिथून वाडीनिहाय लोकसंख्या द्या म्हणून परत आला. मागणी रास्त होती, पण छापील पुस्तिकेत तो आकडा नाही. वास्तविक प्रगणक घरोघर फिरतो, नजरी नकाशा काढतो, घरांना क्रमांक देतो. वाडीची बेरीज त्या कागदांवर कुठेतरी झालेलीच असते. जनगणना अधिनियम 1948 प्रमाणे एकेका घराची माहिती गुप्त राहते, आणि ती राहिलीच पाहिजे. आमच्या घरात कोण काय करतं ते कुणी वाचू नये. पण एका वाडीत किती माणसं आणि तिथून बस किती लांब, एवढी बेरीज छापली तर कुणाचं गुपित फुटणार नाही. कोकणातल्या पुस्तिकांना वाडीचं पुरवणी पान असावं, ही माझी या पुस्तिकेबद्दलची सर्वांत मोठी मागणी आहे. दुसरी मागणी बसच्या रकान्याबद्दल: दिवसाला फेऱ्या किती आणि शेवटची गाडी किती वाजता, हे दोनच आकडे वाढवा. दिवसाला एक फेरी आणि दिवसाला दहा फेऱ्या, दोन्हींपुढे आज एकच 'आहे' येतं.

तिसरा तारा देते तो मुंबईच्या पुस्तिकेसाठी, ती शेजारी ठेवून वाचल्यावर. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही त्याच दहा वर्षांत घटली, 33,38,031 वरून 30,85,411. जिथून माणसं निघाली तो जिल्हा आणि जिथे ती पिढ्यान्‌पिढ्या उतरली तो जिल्हा, दोन्ही एकदमच रिकामे व्हायला लागले. ठाणे जिल्हा मात्र 81,31,849 वरून 1,10,60,148 वर गेला. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे विरार-नालासोपाराही त्या आकड्यात आहेत. आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या वहीत हेच दिसतं. जुन्या पानांवर लालबाग, चिवडा गल्ली, काळाचौकी, शिवडी, नव्या पानांवर दिवा, विरार, बदलापूर. महिन्याची सभा रविवारी सकाळी ठेवली तर बदलापूरचा सभासद दीड-दोन तास गाडीत उभा राहून येतो. गावापासून लांब गेलेला माणूस आता मंडळापासूनही लांब गेला आहे, आणि गावाच्या रस्त्यासाठी भांडायला वेळ काढायचा तो त्याच दिवसातून.

एकूण पाचपैकी साडेतीन. वाडीचं पान असतं तर पाच दिले असते. ज्यांना गावाचा इतिहास हवा, त्यांनी जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचावं. ज्यांना अर्ज करायचा आहे, त्यांनी ही पुस्तिका घ्यावी.

पुढची जनगणना 2027 ची, संदर्भ तारीख 1 मार्च 2027. 2021 ची झालीच नाही, त्यामुळे मध्ये सोळा वर्षं गेली. या वेळी गणती मोबाइल ॲपवर होणार आहे आणि आपली माहिती आपण स्वतः भरायचीही सोय ठेवली आहे. मंडळांना माझी विनंती आहे की त्याआधी आपल्या गावाची 2011 ची ओळ काढून सरपंचांना, तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना दाखवा. सोयींची माहिती गावपातळीवरच्या सरकारी नोंदींतून जाते, घरोघर विचारून नाही. रस्ता खचला असेल, बसची फेरी वाढली असेल, टपाल बंद झालं असेल, तर ते नोंदीत आहे का हे बघायला आत्ताच वेळ आहे. गावात राहणाऱ्या आई-वडिलांना मुंबईच्या घरात मोजून घेऊ नका. ती चार-दोन माणसं गावात मोजली जाणं फार गरजेचं आहे.

आम्ही वाडीची स्वतःची वही केली आहे. घर क्रमांक, घर उघडं की बंद, वर्षभर राहणारे किती, त्यात साठीपुढचे किती, शाळेत जाणारे किती, डोली उचलू शकतील असे किती, एसटीच्या थांब्यापर्यंत चालत किती मिनिटं, पावसात किती. ही वही सरकारी नाही. तरी दुसऱ्या अर्जाला पुस्तिकेच्या ओळीसोबत तीही जोडली आहे, दोन्ही वाड्यांच्या पंचांच्या सह्यांनिशी. छापताना सगळी पुस्तिका छापू नका, काहीशे पानं आहेत. आपल्या तालुक्याची पानं तेवढी ए-थ्री कागदावर आडवी छापा. ए-फोरवर रकाने इतके बारीक येतात की ज्येष्ठ मंडळींना वाचता येत नाहीत, आणि गावाबद्दल सर्वांत जास्त माहिती त्यांनाच असते.